जीप, पाना आणि पाठ्यपुस्तक

दहावीचा निकाल लागला की मध्यमवर्गीय घरांतून एकच चर्चा सुरू होते. मुलाला विज्ञान शाखा मिळेल की नाही, आणि मिळाल्यास त्याला कोणत्या शिकवणीवर्गात घालावे? या चर्चेत मुलाच्या बुद्धीचा विचार होतो, टक्केवारीचा होतो, शुल्काच्या हप्त्यांचा तर होतोच होतो. त्याच्या हातांचा विचार मात्र कोणी करीत नाही. हात हा अवयव उत्तरपत्रिका लिहिण्यापुरताच दिला गेला आहे, अशी आपली समजूत झालेली दिसते.

माझ्या घरीही याहून वेगळे काही घडले नसते. ते घडले याचे श्रेय माझ्याकडे नाही. ते एका मोडक्या जीपकडे जाते. मी एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवीत आहे. माझ्या मामांच्या शेतावर, गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, एक जीप अकरा वर्षे पडून होती. १९६९ साली नोंदलेली, पेट्रोलवर चालणारी, चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचवणारी. मामांच्या पश्चात भंगारवाल्याने वजनावर तिचा भाव केला, तेव्हा माझा सोळा वर्षांचा मुलगा मध्ये पडला. "बाबा, ही आपण दुरुस्त करू," तो म्हणाला. मी होकार दिला तो काही दूरदृष्टीने नव्हे. परीक्षेनंतरची सुट्टी आहे, चार दिवसांचा नाद आहे, आपोआप उतरेल, असा माझा हिशेब होता. त्या चार दिवसांचे चौदा महिन्यांचे रविवार झाले. त्या रविवारांनी मला जे शिकवले ते घरगुती कौतुकापुरते असते तर या स्तंभात मांडण्याचे कारण नव्हते. पण त्याचा संबंध आपल्या एकूण शिक्षणव्यवहाराशी आहे असे मला वाटते.

एका यंत्राचा प्रवास

जीप हे वाहन दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेतून जन्माला आले. चिखल, वाळू आणि डोंगर यांतून सैनिकांना नेणारी हलकी गाडी अमेरिकी लष्कराला हवी होती. १९४० साली तिचा पहिला नमुना तयार झाला आणि युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू झाली. पुढे महिंद्र कंपनीने ती पूर्णपणे येथेच घडवली. ज्या खेड्यांना पक्का रस्ता नव्हता तेथे सरकार प्रथम पोचले ते बहुधा जीपमधूनच. तहसीलदार, गटविकास अधिकारी, वनखात्याचे साहेब आणि निवडणुकीतील उमेदवार या सर्वांची ती गाडी. त्यानंतर तीच जीप पश्चिम महाराष्ट्रात 'वडाप' म्हणून माणसे कोंबून धावू लागली आणि अखेर शेतावर खताची पोती वाहू लागली.

या इतिहासातील एक गोष्ट महत्त्वाची आहे. ही गाडी रणांगणावर, कारखान्यापासून हजारो मैल दूर, साध्या हत्यारांनी उघडता यावी आणि पुन्हा जोडता यावी अशीच रचलेली होती. तिच्यात काहीही लपवलेले नाही. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग दिसतो, आणि जो दिसतो त्याचे काम विचारता येते. म्हणूनच ती एका शाळकरी मुलाची शाळा होऊ शकली.

तीन दशांश मिलिमीटर

पहिला धडा पहिल्याच रविवारी मिळाला. घरात पान्यांचा संच होता, तो मेट्रिक मापाचा. जीपचे नटबोल्ट इंची मापाचे. मुलाने अर्ध्या इंचाच्या नटाला तेरा मिलिमीटरचा पाना लावला, जोर केला, आणि नटाचे कोपरे झिजून तो गोल झाला. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. फरक अवघा तीन दशांश मिलिमीटरचा. मापनपद्धती आणि मापनातील त्रुटी हे प्रकरण मी दरवर्षी जूनमध्ये शिकवतो. विद्यार्थी ते पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरतात. तो गोल झालेला नट छिन्नीने काढण्यात आमचे अडीच तास गेले. माझा मुलगा ते प्रकरण आता विसरणार नाही.

दुसरा धडा माझा होता. इंजिन उघडले तेव्हा मुलाने विचारले, "बाबा, तुमच्या पुस्तकात दोन्ही झडपा वर दाखवल्या आहेत. इथे एक वर आहे आणि एक बाजूला खाली. पुस्तक चुकले की गाडी?" दोन्हीही चुकले नव्हते. या इंजिनात मिश्रण आत घेणारी झडप माथ्यावर आणि जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप खालच्या ठोकळ्यात असते. पाठ्यपुस्तकातील आकृती हा अनेक रचनांपैकी एक नमुना आहे, एवढी साधी गोष्ट मी बावीस वर्षांत एकाही वर्गाला सांगितली नव्हती, कारण ती मला कोणी विचारली नव्हती.

तिसऱ्या धड्याने मात्र माझा उरलासुरला अहंकार उतरवला. सर्व जोडणी झाली, पेट्रोल घातले, बॅटरी लावली, पण गाडी सुरू होईना. कार्बोरेटरमधून उलटे फटाके वाजत. दोन रविवार असेच गेले. तेव्हा बाजारपेठेच्या टोकाला गॅरेज असलेल्या एका वृद्ध मिस्त्रींना आम्ही बोलावून आणले. त्यांनी काही विचारले नाही. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला, त्या भोकावर अंगठा ठेवला आणि मुलाला पुढून हँडल हळूहळू फिरवायला सांगितले. एका क्षणी हवेच्या दाबाने त्यांचा अंगठा उचलला गेला. "हा कंप्रेशनचा," ते म्हणाले, "तुम्ही लावला तो एक्झॉस्टचा."

आमची चूक अशी होती. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आला एवढे पाहून आम्ही ठिणगीची वेळ बसवली होती. पण शोषण, संपीडन, ज्वलन आणि निष्कासन या चार टप्प्यांत पिस्टन दोनदा वर येतो: एकदा संपीडनाच्या अखेरीस आणि एकदा निष्कासनाच्या अखेरीस. ठिणगी हवी पहिल्या वेळी. आम्ही ती दिली दुसऱ्या वेळी. चार टप्प्यांची ही आकृती मी फळ्यावर किती वेळा काढली असेल याची गणती नाही. परंतु फळ्यावरचा पिस्टन अंगठ्याला ढकलत नाही.

ज्ञान कोणाचे?

येथे कोणी म्हणेल की मिस्त्रींचा अंगठा श्रेष्ठ आणि प्राध्यापकाचे पुस्तक फुकट, हाच या कथेचा बोध. तसे नाही. पुढे एक उलट प्रसंग घडला. या जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन दांडे असतात. एकाने पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर जोडता येतो, दुसऱ्याने वेग कमी करून ओढण्याची ताकद वाढवता येते. मिस्त्रींनी मुलाला बजावले की कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढची चाके कधीही जोडायची नाहीत, गाडी आखडते. का आखडते, हे मात्र त्यांना सांगता येईना. ते मला सांगता आले. वळणावर पुढच्या चाकांना मागच्या चाकांपेक्षा लांबचा मार्ग कापावा लागतो. दोन्ही आस एकमेकांना ताठ जोडलेले असतील तर हा फरक कोठेतरी जिरला पाहिजे. चिखलात, वाळूत चाक थोडे घसरते आणि तो जिरतो. कोरड्या डांबरावर चाक घसरू शकत नाही, म्हणून तो ताण दांड्यांत आणि दातेरी चक्रांत साठतो. मिस्त्रींनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "चाळीस वर्षं हेच सांगत आलो सर, पण कारण आज कळलं."

त्या दिवशी माझ्या ध्यानात आले की एकाच विद्येचे दोन तुकडे करून आपण ते दोन वेगवेगळ्या वस्त्यांत ठेवले आहेत. 'कसे' एकाकडे आणि 'का' दुसऱ्याकडे. माझ्या मुलाला दोन्ही मिळाले, ते केवळ योगायोगाने. ज्या देशात लाखो मुले दरवर्षी अभियांत्रिकीला प्रवेश घेतात तेथे हे योगायोगावर सोडावे काय?

दोघांचे काम

वडील आणि वयात आलेला मुलगा यांच्यात बोलणे कमी होत जाते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. जे बोलणे उरते ते गुणांविषयी आणि मोबाइलविषयी, आणि तेही बहुधा वादाच्या सुरात. जीपच्या ब्रेकमधील हवा काढण्याचे काम मात्र एकट्याने होत नाही. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकामागे आडवे होऊन निपल सैल करायचे, बुडबुडे गेले की घट्ट करायचे, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. पाय आधी उचलला तर हवा पुन्हा आत. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून चारही चाकांना हे करायचे. 'दाबा', 'धरा', 'सोडा' एवढ्या तीन शब्दांवर आम्ही दोघांनी एक संपूर्ण दुपार काढली. आज्ञा मुलगा देत होता, मी पाळत होतो. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून नळीत एक बुडबुडा राहिला तरी ब्रेक लागत नाही, हा पास्कलच्या नियमाचा अर्थ त्या दुपारी आम्हा दोघांच्याही जिवाशी निगडित होता. परीक्षेत पंचेचाळीस टक्के बरोबर लिहिले तर विद्यार्थी उत्तीर्ण होतो. पंचेचाळीस टक्के लागणारा ब्रेक घेऊन कोणी घाट उतरू शकत नाही.

या कामात धोके आहेत, हेही सांगितले पाहिजे. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. खाली भक्कम घोडे लावावेत. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ फुंकून उडवू नये. हे मिस्त्रींना कोणी कधी सांगितले नव्हते. ज्ञानाची फाळणी माणसाच्या फुप्फुसापर्यंत पोचते ती अशी.

मिस्त्रींचा मुलगा

आता या कथेतील अवघड भागाकडे येतो. मिस्त्रींनी त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. त्यांनी एक विनंती केली. त्यांचा धाकटा मुलगा माझ्या मुलाच्याच वयाचा. "त्याला तुमच्या वर्गात घ्या, सर. त्याचे हात काळे व्हायला नकोत." माझा मुलगा हात काळे करून घेत होता तो आवडीने, आणि त्याचे आम्हाला कौतुक होते. त्यांच्या मुलाचे हात काळे झाले असते तर ते नशीब ठरले असते, आणि त्याचे कौतुक कोणीही केले नसते. माझा मुलगा केव्हाही साबणाने हात धुऊन पुस्तकाकडे परत येऊ शकत होता. तसा दरवाजा त्यांच्या मुलाला नव्हता.

श्रमप्रतिष्ठेवर व्याख्याने देणाऱ्या आपण पांढरपेशांनी हा फरक कधी विसरू नये. आपल्या समाजाने केवळ कामे वाटून दिली नाहीत, तर ती करणाऱ्या माणसांना जन्माने एकावर एक अशा पायऱ्यांवर बसवले, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच स्पष्टपणे मांडले होते. सुतार, लोहार, चांभार यांच्या हातांवर गाव चालले आणि त्याच गावाने त्यांना पंगतीत दूर बसवले. ज्या हातांना ही स्मृती आहे त्या हातांच्या मालकाला आपला मुलगा कचेरीत बसावा असे वाटले तर त्यात नवल ते काय? मिस्त्रींची विनंती रास्त होती आणि ती मी मान्य केली. परंतु प्रश्न सुटला नाही. त्यांचा मुलगा वर्गात आला की अंगठ्याची विद्या त्या घरातून जाईल, आणि माझ्या घरात ती छंदापलीकडे टिकेल याची काय शाश्वती?

प्रयोग झाले, पण

हा प्रश्न नवा नाही. १९३७ सालच्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभवा'ची शिफारस केली. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्याला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे नाव दिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्यासारख्या स्थानिक कारागिरांबरोबर घालवावेत असे म्हटले आहे. नावे बदलत गेली. शाळेत मात्र कार्यानुभव म्हणजे कागदी फुले आणि मार्चअखेर एका बैठकीत भरलेले गुण, हेच समीकरण पुष्कळ ठिकाणी राहिले. मी स्वतः अशा गुणतक्त्यांवर सही केलेली आहे; म्हणून हा आरोप आधी माझ्यावरच आहे.

तरीही अपवाद आहेत, आणि ते महाराष्ट्रातच आहेत. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालवले आणि त्यातून पुढे लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास ठरलेली मुले तेथे वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी करता करता विज्ञान शिकली. जुन्या जीपचे भाग वापरून लहान ट्रॅक्टर बनवण्याचा प्रयोगही तेथे झाला. ज्यांना आपण 'ढ' म्हणून बाहेर काढले, त्यांच्याच हातून हे घडले.

आक्षेप आणि उपाय

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला, जुन्या गाड्या धूर ओकतात. त्या मोडीतच निघाव्यात. यात तथ्य आहे. रोज धावणारी जुनी वाहने तपासणीत नापास झाली तर ती मोडीत निघालीच पाहिजेत, आणि २०२१ च्या धोरणाचा हा हेतू योग्यच आहे. परंतु त्याच वर्षी केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय केली. अशी गाडी रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी चालवता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. आम्ही याच नियमाखाली अर्ज केला आहे. दुसरा आक्षेप असा की सर्वांच्या मामांकडे जीप नसते. अर्थातच नसते. पण पंखा असतो, शिलाईचे यंत्र असते, सायकल असते, पाण्याचा पंप असतो. प्रश्न जीपचा नाही, उघडून पाहण्याच्या सवयीचा आहे. तिसरा आक्षेप वेळेचा. माझ्या मुलाला प्रवेशपरीक्षेत या रविवारांमुळे काही गुण कमी पडतीलही. ती किंमत मला मान्य आहे. ज्याला ती परवडत नाही त्याला मी दोष देणार नाही. म्हणूनच ही गोष्ट घराघरावर न सोडता शाळेने अंगावर घेतली पाहिजे.

त्यासाठी फार मोठ्या योजनांची गरज नाही. प्रत्येक तालुक्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तिची कार्यशाळा आहे. ती रविवारी जवळच्या शाळांतील मुलांसाठी उघडता येईल. गावातील मिस्त्री, फिटर, गवंडी यांना मानधन देऊन शिक्षक म्हणून बोलावता येईल. त्यांच्या नावामागे पदवी नाही ही अडचण मानू नये. अनुभवाने मिळवलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य योजनेत आहेच. तिचा लाभ शहरातल्या संस्थांबरोबर गावच्या गॅरेजपर्यंत पोचला पाहिजे, म्हणजे मिस्त्रींचा मुलगा पदविकेकडे जाताना बापाची विद्या घेऊन जाईल, ती टाकून नव्हे. शिवाय नव्या वस्तू उघडता येतील अशा बनवणे आणि त्यांच्या दुरुस्तीची माहिती व सुटे भाग ग्राहकाला मिळणे आवश्यक आहे. 'दुरुस्तीच्या हक्का'साठी केंद्र सरकारने २०२२ साली समिती नेमली आणि त्याच वर्षी संकेतस्थळही सुरू केले. हा विषय तेथेच थांबू नये. डिंकाने चिकटवून बंद केलेल्या वस्तूतून कोणतेही मूल काही शिकू शकत नाही.

आमची जीप गेल्या महिन्यात शेतावरच्या गाडीवाटेने चालली. चालवली मी. मुलगा सतरा वर्षांचा आहे. ज्या इंजिनाचा प्रत्येक नट त्याने आवळला ती गाडी त्याला आणखी वर्षभर रस्त्यावर नेता येणार नाही, आणि नेली तर २०१९ च्या दुरुस्त कायद्याप्रमाणे शिक्षा पालकाला आहे. हे त्याला मान्य आहे. मागे मिस्त्री आणि त्यांचा मुलगा बसले होते. त्या मुलाने आता अकरावीला प्रवेश घेतला आहे. नाल्याच्या उतारावर ब्रेक दाबताना माझा पाय क्षणभर कचरला. "लागेल, बाबा, दाबा," शेजारून मुलगा म्हणाला. ब्रेक लागला.

असा विश्वास प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या कामाविषयी वाटला पाहिजे. तो प्रगतिपुस्तकातून येत नाही. तो यावा अशी व्यवस्था करणे हे आपणा शिक्षकांचे आणि पालकांचे काम आहे, आणि ते आपण फार काळ टाळले आहे.